तंजावर: चोळांची आणि भोसल्यांची राजधानी

तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाने तिथे एक तरी मुक्काम करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्रिचीहून रेल्वेने साधारण तासाभरात येथे पोहोचता येत असल्यामुळे अनेक प्रवासी बृहदीश्वराचे दर्शन घेऊन त्याच दिवशी परततात, आणि आपल्याच इतिहासाचे एक मोठे पान न उलगडता राहून जाते.

राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेले हे देऊळ सकाळी लवकर पाहावे. अनवाणी चालावे लागते आणि दुपारी प्रांगणातील फरशी असह्य तापते; शिवाय साडेबाराच्या सुमारास गाभारा बंद होतो, तो चारनंतर उघडतो. साठ मीटरहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, पाहून मान अवघडली, की नैर्ऋत्येकडील ओवरीत जावे. तेथील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. बारीक, दाट ओळींतील वळणे आजच्या छापील अक्षरांहून वेगळी असल्याने आरंभी काहीच लागत नाही. मग एखादे ओळखीचे नाव सापडते आणि त्याच्या आधाराने पुढचे शब्द जुळू लागतात. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात आपली भाषा वाचताना मला भरून आले. अक्षरांना हात मात्र लावू नये.

दुपार राजवाड्यासाठी ठेवावी. नायक राजांच्या काळातील या वाड्यात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापासून 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती. कलादालनातील चोळकालीन कांस्यमूर्ती सावकाश पाहाव्यात. सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ आणि संस्कृत हस्तलिखितांबरोबर मराठी पोथ्या व मोडी कागदपत्रेही जतन केलेली आहेत. पाहुण्यांना प्रामुख्याने संग्रहालयाचा भागच पाहता येतो, म्हणून अभ्यासकांनी आधी पत्रव्यवहार करावा आणि सर्वांनीच सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

संध्याकाळी पुन्हा देवळात जावे. रिक्षावाल्याला ‘पेरिय कोविल’ (मोठे देऊळ) एवढे सांगितले तरी पुरते. शाळा-कार्यालये सुटल्यावर गावातली कुटुंबे प्रांगणात येऊन बसतात, मुले नंदीमंडपाभोवती धावतात आणि आत नित्याची पूजा चालू असते. जागतिक वारसा म्हणून 1987 पासून नोंदलेली ही वास्तू गावाचे रोजचे देऊळ आहे, हे पाहण्यासाठीच मुक्काम हवा. छायाचित्रे काढताना पूजेत व्यत्यय येणार नाही, याची काळजी घ्यावी.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील पावसाळा असल्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. आणखी एक दिवस हाताशी असेल, तर कुंभकोणमजवळच्या दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर पाहावे. गंगैकोंडचोळपुरमचे चोळकालीन मंदिर त्याहून लांब आहे, तेव्हा दोन्ही एकाच दिवसात करायची असल्यास गाडी ठरवून सकाळीच निघावे.