सेंटर लाइनवरून पाहिलेली एलेना डेमेंतिएवा

टेनिस कोर्टवर लाइन जज म्हणून उभं राहिलं की सामना बघायचा नसतो. आपल्याला नेमून दिलेली रेषा तेवढी बघायची. बॉल बाहेर पडला तर मोठ्याने कॉल द्यायचा आणि हात आडवा करायचा. आत पडला तर दोन्ही तळवे जमिनीकडे दाखवून गप्प राहायचं. टाळी वाजवायची नाही, हळहळायचं नाही, खेळाडूशी बोलायचं नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर, नंतर बालेवाडीला, चौदा वर्षांखालच्या मुलामुलींच्या स्पर्धांपासून मी हे काम शिकले आणि ही शिस्त मला मनापासून आवडायची. एका संध्याकाळी मात्र ती पाळणं फार जड गेलं. ती संध्याकाळ कतारमधल्या दोह्याची, २९ ऑक्टोबर २०१० ची.

दोह्यात तेव्हा डब्ल्यूटीए चॅम्पियनशिप्स, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिसची मोसमाच्या शेवटची स्पर्धा, चालू होती. वर्षभरातल्या कामगिरीवर पहिल्या आठ जणींनाच इथे प्रवेश मिळतो. चार-चार जणींचे दोन गट करतात आणि गटातली प्रत्येक जण बाकी तिघींशी खेळते. २००८ ते २०१० अशी तीन वर्षं ही स्पर्धा दोह्याच्या खलिफा टेनिस संकुलात झाली. आखातातल्या स्पर्धांना भारतातून बरेच लाइन जज जायचे. जवळचा प्रवास, कामाची सवय असलेली माणसं आणि इंग्रजीची अडचण नाही. आमच्यात चेन्नईचे होते, कोलकात्याचे होते, नागपूरचे एक ज्येष्ठ सहकारी होते. ऑक्टोबर संपत आला तरी दिवसा तिथे उन्हाचा चटका असतो. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात हवा दमट होते आणि शर्टाची कॉलर मानेला चिकटते.

त्या दिवशी रशियाची एलेना डेमेंतिएवा विरुद्ध इटलीची फ्रान्चेस्का स्कियावोने असा सामना होता. गटातला डेमेंतिएवाचा शेवटचा. पहिल्या लढतीत कॅरोलिन वोझ्नियाकीने तिला ६-१, ६-१ असं धुतलं होतं. दुसऱ्या लढतीत सामंथा स्टोसरशी पहिला सेट गमावून तिने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरवर सामना ओढून काढला होता. स्कियावोनेविरुद्धच्या पहिल्या सेटला लाइन जजची दुसरी टीम कोर्टवर होती. तो सेट स्कियावोनेने ६-४ ने घेतला. मग आमची पाळी आली आणि मला सेंटर सर्व्हिस लाइन मिळाली, सर्व्हिस पडायच्या जागेचे दोन भाग करणारी मधली रेषा.

या जागेचं वैशिष्ट्य सांगायला हवं. सेंटर लाइनचा माणूस सर्व्हिस घेणाऱ्या खेळाडूच्या मागे, भिंतीपाशी उभा असतो आणि थेट समोर सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूकडे तोंड करून असतो. बॉल हातात घेतला, टप्पे मारले, वर फेकला, रॅकेट फिरली, हे सगळं अगदी समोरून दिसतं. बेसलाइनवरचा माणूस पाय बघतो, बाजूच्या लाइनवरचा आपली रेषा बघतो, पण सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूचा चेहरा असा सरळ फक्त सेंटर लाइनवाल्याला दिसतो. आणि डेमेंतिएवाच्या बाबतीत बघायचं तर तेच बघायचं होतं. तिच्या सगळ्या कारकिर्दीची कथा सर्व्हिसच्या त्या एका क्षणात भरलेली होती.

ज्यांनी तिचा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉल एकदा खेळात आला की या बाईसारखं खेळणारी त्या काळात जगात फार कमी होत्या. दोन्ही बाजूंनी सपाट, खणखणीत फटके. पळणं असं की कोपऱ्यात गेलेला बॉलही ती नुसता परत करायची नाही, त्यावरून हल्ला चढवायची. परतीचा फटका तर इतका तिखट की समोरचीला सर्व्हिस करताना धाकधूक वाटावी. पण स्वतःची सर्व्हिस आली की चित्र बदलायचं. बॉल उजवीकडे लांब फेकला जायचा, रॅकेट वरून येण्याऐवजी बाजूने यायची आणि हळू, वळणारी स्लाइस सर्व्हिस पडायची. दडपण वाढलं की डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट फुकट जायचा. २००४ मध्ये ती दोन ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी दोन स्पर्धांच्या, अंतिम फेरीत गेली आणि दोन्ही हरली. पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनला अनास्तासिया मिस्किनाने तिला ६-१, ६-२ असं हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी पहिली रशियन महिला कोण, याचा निकाल त्या दिवशी लागणार होता आणि तो मान मिस्किनाला गेला. न्यूयॉर्कला यूएस ओपनमध्ये स्वेतलाना कुझनेत्सोवाने ६-३, ७-५ असं हरवलं. तेव्हापासून तिचं नाव निघालं की सर्व्हिसचीच चर्चा व्हायची.

मला या चर्चेचा राग येतो, आजही येतो. इतकी मोठी उणीव घेऊन कोणी दहा-अकरा वर्षं जगातल्या सगळ्यात वरच्या खेळाडूंमध्ये टिकतं, याचा अर्थ काय होतो? बाकीच्यांना सर्व्हिसवर जे पॉइंट फुकट मिळतात ते तिला कधीच मिळाले नाहीत. प्रत्येक पॉइंट पळून, खेळून कमवावा लागला. तरीही १६ एकेरी स्पर्धा जिंकल्या, २००९ मध्ये जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानापर्यंत गेली. १९९९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपासून २०१० च्या फ्रेंच ओपनपर्यंत एकही ग्रँड स्लॅम चुकवली नाही, सलग ४६. आणि सर्व्हिससुद्धा तिने तशीच सोडून दिली नाही. पंचविशी ओलांडल्यावर, नाव आणि पैसा दोन्ही कमावून झाल्यावर, तिने ती पुन्हा बसवली. लहानपणापासून हाडात मुरलेली हालचाल त्या वयात बदलणं किती कठीण असतं हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. दोह्यात मी समोरून पाहिली ती सर्व्हिस २००४ ची नव्हती. बॉल पुष्कळ सरळ वर जात होता, रॅकेट वरून येत होती. तरी टप्पे मारताना तिच्या चेहऱ्यावर जो ताण यायचा तो मला दिसत होता. सवय बदलली होती, आठवण गेली नव्हती.

ती आली तो रस्ताही थोडा सांगते. जन्म १५ ऑक्टोबर १९८१, मॉस्को. टेनिस १९८८ च्या सेऊलमध्ये पदकाचा खेळ म्हणून ऑलिंपिकमध्ये परतलं आणि सोव्हिएत व्यवस्थेचं या खेळाकडे लक्ष गेलं. पुढे सोव्हिएत संघ मोडला, पण रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन स्वतः टेनिसवेडे निघाले आणि मॉस्कोत खेळाला प्रतिष्ठा राहिली. स्पार्टाक क्लबमध्ये राउझा इस्लानोवा या प्रशिक्षिकेकडे छोटी एलेना आणि छोटी मिस्किना दोघी शिकल्या. या इस्लानोवा म्हणजे मरात साफिन आणि दिनारा साफिना या टेनिसपटू भावंडांची आई. एलेनाची स्वतःची आई व्हेरा पुढे सगळ्या कारकिर्दीत तिच्याबरोबर फिरली आणि प्रत्येक स्पर्धेत खेळाडूंच्या बॉक्समध्ये बसलेली दिसायची. मुलीला सामन्यांना नेणाऱ्या आया मी पुण्यात खूप पाहिल्या आहेत, सकाळी सहाला डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या. व्हेराबाईंना टीव्हीवर पाहिलं की मला त्या ओळखीच्या वाटायच्या.

तर दुसरा सेट. स्कियावोने म्हणजे त्याच वर्षी फ्रेंच ओपन जिंकून इटलीला महिलांची पहिली ग्रँड स्लॅम एकेरी मिळवून देणारी खेळाडू. एका हाताचा बॅकहँड, उंच उसळणारा टॉपस्पिन, मध्येच खाली राहणारी स्लाइस, सपाट फटक्यांच्या खेळाडूची लय मोडायला लागतं ते सगळं तिच्याकडे होतं. या दोघी जूनमध्ये पॅरिसला उपांत्य फेरीत भेटल्या होत्या. तिथे पहिला सेट टायब्रेकरवर गेल्यावर पोटरीच्या दुखापतीने डेमेंतिएवाला सामना सोडावा लागला होता आणि त्या दुखापतीमुळे विम्बल्डनही हुकलं होतं. ४६ ची मालिका तिथे तुटली. दोह्यात ती पळत होती, पण नेहमीचा झपाटा नव्हता. मला वाटलं, मोसमाचा शेवट आहे, थकली असेल. पुढचं काहीच माहीत नव्हतं. दुसरा सेट ६-२ असा संपला. दोघींनी नेटजवळ हात मिळवले.

सामना संपला की लाइन जजची टीम एका ओळीत लगेच बाहेर पडते. आम्ही निघालो आणि वाटेच्या तोंडाशीच थांबलो, कारण डेमेंतिएवा बाहेर जात नव्हती. तिच्या हातात माइक आला. आवाज कापत होता. हा आपला शेवटचा सामना, असं तिने सांगितलं. स्टेडियममध्ये एकदम गलका झाला आणि तितक्याच वेगाने ओसरला. दोन आठवड्यांपूर्वी तिला २९ वर्षं पूर्ण झाली होती. पहिल्या दहांत होती. पुढचं वर्षभर नुसती खेळत राहिली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं.

मग बाकीच्या खेळाडू कोर्टवर आल्या. आठवडाभर एकमेकींना हरवायला निघालेल्या या बायका तिला मिठ्या मारून रडत होत्या. स्पर्धेतल्या खेळाडूंनी एका प्रतिस्पर्ध्यासाठी असं कोर्टवर येणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. तिच्याबद्दल खेळाडूंमध्ये काय भावना होती हे त्या दिवशी कळलं. हरल्यावर कारणं न सांगणारी, पंचांशी न भांडणारी. लाइन जजच्या बाजूने सांगायचं तर तिच्या सामन्यात काम करायला आम्हाला आवडायचं. जवळचा कॉल तिच्याविरुद्ध गेला तर एकदा त्या खुणेकडे बघायची आणि पुढच्या पॉइंटला जायची.

आम्ही हात मागे बांधून उभे होतो. गणवेशात होतो, कोर्टवर होतो, त्यामुळे टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. माझ्या शेजारी चेन्नईची मुलगी होती, तिचे डोळे भरून आले होते आणि ती सरळ समोर बघत होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले होते. आपण काम करतो म्हणजे या खेळापासून अलिप्त असतो असं नाही, हे तेव्हा फार तीव्रतेने जाणवलं. अलिप्तता कॉलमध्ये असायला हवी आणि ती होती. त्याखाली जे होतं ते त्या दिवशी वर आलं.

रात्री जेवताना वाद झाला. नागपूरचे सहकारी म्हणाले, “मॅडम, सगळं खरं आहे, पण ग्रँड स्लॅम नाही ते नाहीच. दहा वर्षांनी कोण लक्षात ठेवणार?”

मी म्हटलं, “दादा, बीजिंग विसरलात का?”

१७ ऑगस्ट २००८. ऑलिंपिक महिला एकेरीची अंतिम फेरी, समोर दिनारा साफिना, म्हणजे पहिल्या गुरूचीच मुलगी. पहिला सेट ३-६ असा गेला. मग ७-५, ६-३. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत तिने सेरेना विल्यम्सला एक सेट पिछाडीवरून हरवलं होतं. कांस्यपदक व्हेरा झ्वोनारेवाला, म्हणजे तिन्ही पदकं रशियाची. आठ वर्षांपूर्वी सिडनीत हीच मुलगी अठराव्या वर्षी सेरेनाच्या बहिणीशी, व्हीनस विल्यम्सशी, अंतिम फेरीत हरून रौप्य घेऊन परतली होती. रशियात वाढलेल्या खेळाडूसाठी ऑलिंपिक सुवर्ण ग्रँड स्लॅमच्या वर असतं, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. तिने आयुष्यात जे सगळ्यात मोठं मानलं ते मिळवलं. मग आपण कोण तिच्या नावापुढे ‘पण’ लावणारे? २००५ च्या फेड कपचंही, म्हणजे देशादेशांतल्या महिला सांघिक स्पर्धेचंही, मी त्यांना सांगितलं. पॅरिसमध्ये, फ्रान्सच्या प्रेक्षकांसमोर, फ्रान्सच्या पिअर्स आणि मोरेस्मो दोघींना एकेरीत हरवून, मग साफिनाबरोबर निर्णायक दुहेरीही जिंकून तिने रशियाला कप मिळवून दिला. रशियाचे तिन्ही विजय तिच्या रॅकेटमधून आले.

दादा काही वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तिचा एकच सामना पोरींना दाखवायचा तर कुठला दाखवशील?” त्यांच्याकडे नागपूरला शिकाऊ लाइन जजचा वर्ग असायचा.

मी विचार न करता २००९ च्या विम्बल्डनची उपांत्य फेरी सांगितली. सेरेनाविरुद्ध ७-६, ५-७, ६-८. २ तास ४९ मिनिटं. तिसऱ्या सेटमध्ये ५-४ वर डेमेंतिएवाकडे मॅच पॉइंट होता, जिंकायला तो एकच पॉइंट हवा होता, आणि सेरेनाने नेटवर येऊन व्हॉलीने, टप्पा पडण्याआधीच बॉल मारून, तो वाचवला. जगातली सगळ्यात जोरदार सर्व्हिस एका बाजूला आणि जिची सर्व्हिस हसण्यावारी नेली जायची ती दुसऱ्या बाजूला, आणि फरक राहिला एका व्हॉलीचा. तिने त्या दिवशी सर्व्हिस केली तीही बघा म्हटलं, दडपणाखाली, गवतावर, तासन् तास.

“हरलेला सामना दाखवायचा?” दादांनी विचारलं.

“हो, हरलेलाच,” मी म्हटलं. त्यांनी खिशातून वही काढून तारीख आणि स्कोअर लिहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीचा कागद आला म्हणून आम्ही उठलो.

आता बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये रेषांचे कॉल यंत्र देतं. २०२५ पासून विम्बल्डनलाही लाइन जज नाहीत. यंत्र आमच्यापेक्षा अचूक आहे, यात मला शंका नाही आणि खेळाडूंना अचूक कॉल मिळायलाच हवा. पण सेंटर लाइनवरून समोर बघत राहण्याची ती जागा गेली, आणि सर्व्हिसआधीचे टप्पे मारणाऱ्या डेमेंतिएवाचा चेहरा जिथून दिसला ती हीच जागा होती, म्हणून मला हे लिहून ठेवावंसं वाटलं.