दीड मिनिटाचा ट्रेलर, टोडोरोव्ह आणि आजीचं 'जाव नको'

मास मीडियाला आम्हाला हॉरर ट्रेलरची असाईनमेंट होती. ट्रेलर दीड मिनिटाचा, आणि सोबत कुठली नॅरेटिव्ह थिअरी (म्हणजे गोष्ट कशी रचली जाते याची थिअरी) कुठे लावली ते लिहून द्यायचं. बहुतेक ग्रुप काय करतात, आधी ट्रेलर कापतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्याला थिअरी चिकटवतात, आमचाही बेत तोच होता, पण शूट मालवणजवळ ग्रुपमधल्या एकीच्या गावच्या घरी झालं आणि तिथे थिअरी स्वतःहूनच समोर यायला लागली.

गोष्ट साधी. मुंबईहून आलेली नात, ओसाड पडलेलं आगर, घरामागची बाव, म्हणजे विहीर, आणि राखणदार. कोकणाबाहेरच्या लोकांसाठी सांगते, राखणदार म्हणजे न दिसता जागेची राखण करणारा, देवाभुतांतला, त्याचा नारळ-कोंबड्याचा मान वेळेवर पोचला की तो आपल्या बाजूचा, मान चुकला की मग काही खरं नाही.

व्लादिमीर प्रॉप हा रशियन अभ्यासक वाचताना मला जाम कंटाळा आलेला. रशियन परीकथांवरून त्याने १९२८ साली ३१ फंक्शन्स, म्हणजे गोष्टीत ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या घटना काढल्या, खलनायकाने केलेलं नुकसान, जादूची वस्तू मिळणं, शेवटी लग्न वगैरे. दीड मिनिटात ३१ कुठे कोंबणार? पण नुसती पहिली तीन बघा ना. घरातलं कोणीतरी बाहेर जातं, कसली तरी मनाई केली जाते, ती मोडली जाते. ट्रेलरला एवढंच लागतं! आणि कोकणात वाढलेल्या माणसाला मनाई काय शिकवायची, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नको, रात्री शीळ घालू नको, मागून हाक आली तर लगेच ओ देऊ नको, निम्मं लहानपण त्यातच गेलं.

मनाईचा डायलॉग मैत्रिणीच्या आजीला दिला होता. स्क्रिप्टमध्ये होतं, "विहिरीवर जाऊ नकोस, तिथे राखणदार आहे." आजी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाली, "तिनीसांजेक बावीर जाव नको गो बाय. तो बसता थंय." नाव घ्यायलाच तयार नाही. परत सांगितलं तर उलट आम्हालाच, "तिनीसांजेक तेचा नाव काढू नये, कळत नाय तुमका?" इकडे उजेड भराभर उतरतोय, डिरेक्टरचं तोंड बघण्यासारखं झालेलं. पण एडिटला बसल्यावर कळलं की आजीचीच लाईन भारी. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ ज्याला एनिग्मा कोड म्हणतो, म्हणजे प्रेक्षकाच्या डोक्यात एक प्रश्न सोडायचा आणि उत्तर लांबवत न्यायचं, ते नुसत्या 'तो'ने झालं. तो कोण? हा प्रश्न शेवटच्या फ्रेमपर्यंत लटकत राहतो. राखणदार म्हटलं असतं तर मालवणातला प्रेक्षक म्हणाला असता, अच्छा राखणदार, मग नारळ द्या की.

खरं भांडण झालं देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यावरून. टोडोरोव्ह या समीक्षकाच्या थिअरीत गोष्टीच्या पाच पायऱ्या असतात: सगळं सुरळीत, मग बिघाड, बिघाड झाल्याचं लक्षात येणं, तो निस्तरायची धडपड, आणि नवीन घडी. गाऱ्हाणं म्हणजे सरळसरळ चौथी पायरी. आमच्या साऊंडवाल्याला ते हवंच होतं कारण ऐकायला जबरदस्त, एक जण देवाला साकडं घालतोय आणि बाकीचे एकसुरात "व्हय म्हाराजा". माझं म्हणणं, निस्तरायचा उपाय आहे असं दिसलं की भीती गेली, ट्रेलर तिसऱ्या पायरीवरच तोडायला पाहिजे, पुढचं बघायचं तर तिकीट काढा. शेवटी गाऱ्हाणं दाखवायचं नाही, फक्त ऐकवायचं असं ठरलं. काळ्या स्क्रीनवर "व्हय म्हाराजा", सगळ्यांचा आवाज. परत, सगळ्यांचा. तिसऱ्या वेळी एकट्याचाच, आणि तोही जरा उशिरा. म्हणजे चौथी पायरी सुरू होते आणि तिथेच फसते. क्लासमधल्या पुण्याच्या मुलांना गाऱ्हाणं काय ते माहीत नव्हतं, तरी तिथे ती दचकलीच.

माझा सगळ्यात लाडका शॉट मात्र रहाटाचा. टोडोरोव्हचंच १९७० सालचं एक पुस्तक आहे, त्यात तो म्हणतो की फॅन्टास्टिक, म्हणजे गोष्टीतलं अद्भुत, टिकतं ते फक्त आपण डळमळीत असेपर्यंत, हे नैसर्गिक की अमानवी ते ठरत नाही तोवर. एकदा ठरलं की मजा संपली. आमच्याकडे चकवा लागतो तेव्हा तेच होतं की, माणूस त्याच त्याच पाणंदीत फिरतो आणि अंधारामुळे वाट चुकली की कोणी चुकवतंय ते त्याला कळत नाही. तर आम्ही बादलीला तंगूस, म्हणजे मासे पकडायची बारीक नायलॉनची दोरी बांधली, एक जण गडग्यामागे, म्हणजे दगडी कुंपणामागे बसून ओढणार, पोरीची पाठ वळली की दोर आपोआप वर येतो आणि रहाट कुरकुरतो. नुसता तेवढाच शॉट ठेवला तर भूत पक्कं झालं, म्हणून त्याच्या आधी वाऱ्यावर हेलपाटणाऱ्या माडांचा शॉट लावला. आता वारा पण असू शकतो, तो पण असू शकतो. एवढ्या वाऱ्याने भरलेली बादली वर येत नाही हे विहिरीचं पाणी काढलेल्या कोणालाही कळेल, पण आजकाल काढलंय कोणी!

सबमिशनला सरांनी विचारलं, शेवटी त्या मुलीचं काय होतं? आम्ही एकमेकांकडे बघितलं, शेवट लिहिलेलाच नव्हता, असाईनमेंट ट्रेलरची होती. आता ग्रुपवर पूर्ण शॉर्टफिल्म करायचं चाललंय, म्हणजे उरलेल्या दोन पायऱ्या पण शूट करायला लागणार, आणि आजीने आधीच बजावलंय की परत बावीवर कॅमेरा लावायचा असेल तर पहिला नारळ आणि कोंबडा. कोंबड्याचे पैसे प्रॉडक्शनच्या खर्चात धरायचे की जेवणाच्या, यावर अजून वाद चालू आहे.