समुद्राचे पाच शब्द

आज रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या लॅटिन महाकाव्याचा पहिला सर्ग घेऊन बसलो आणि जेमतेम ४० ओळी पुढे सरकलो, कारण एवढ्याशा जागेत समुद्रासाठी पाच वेगवेगळे शब्द भेटले. ‘मारे’ हा रोजच्या भाषेतला शब्द ३२व्या ओळीत अनेकवचनात येतो, पण त्याआधी तिसऱ्याच ओळीत कवीने ‘आल्तुम’ वापरला आहे, ज्याचा मूळ अर्थ नुसताच ‘खोल’. गंमत म्हणजे याच विशेषणाचा अर्थ ‘उंच’ असाही होतो. २९व्या ओळीतला ‘आयक्वोर’ म्हणजे सपाट पसरलेले पाणी, ४०व्या ओळीतला ‘पोंतुस’ ग्रीकमधून आलेला, आणि ३५व्या ओळीत, जहाजांची कांस्यजडित पुढची टोके फेस उसळवत निघतात तिथे, समुद्र म्हणजे चक्क ‘साल’, अर्थात मीठ.

शाळेत अमरकोशातले अब्धि, उदधि, अर्णव घोकताना जो कंटाळा यायचा, तो आज मुळीच आला नाही. एकेक शब्द ओळीतल्या लाटेसकट लक्षात राहिला. संस्कृतची मदत अधूनमधून अनपेक्षितपणे होते: पहिल्याच ओळीतल्या ‘विरुम्क्वे’मधला ‘विर’ (पुरुष) हा आपल्या ‘वीर’चा सगोत्र, आणि शेवटचा ‘क्वे’ हा ‘आणि’ या अर्थाच्या ‘च’चा, जो संस्कृतप्रमाणेच शब्दाच्या मागे लागतो. मात्र त्याच ओळीतल्या ‘ओरीस’ने मला फसवले. शेवटचा इकार दीर्घ असेल तर ‘किनाऱ्यांवरून’, ऱ्हस्व असेल तर ‘तोंडाचा’; मी ट्रॉय या त्याच्या नगराच्या तोंडातून नायकाला बाहेर काढला होता. उद्यापासून वहीत ऱ्हस्वदीर्घाच्या खुणांसह शब्द उतरवणार आहे.