आमची वाटचाल : माया सोडून बेतलेली अठरा वर्षं

आज आमच्याकडे सहा मशिनं आहेत. चार साध्या टिपेची सिंगल नीडल, एक कापडाच्या कडा सुटू नयेत म्हणून टीप मारणारं ओव्हरलॉक, एक काजाचं. कोपऱ्यात चादर घालून ठेवलेलं सातवं पायमशीन आहे, ते मी मोजत नाही आणि कुणी मागितलं तरी देत नाही. लहान मुलांचे कपडे, शाळेचे गणवेश आणि कामावर घालायचे एप्रन, एवढंच आम्ही शिवतो. हे ‘एवढंच’ माझं नाही, माझ्या एके काळच्या भागीदार मैत्रिणीचं आहे. तिच्याबद्दल पुढे येईलच.

सुरुवात केली तेव्हा मोठी मुलगी सात महिन्यांची होती. पायमशीनच्या खडखडाटात ती गाढ झोपायची आणि बॉबिन संपून मशीन थांबलं की टक्क जागी व्हायची. मग मी आदल्या रात्रीच सात-आठ बॉबिन भरून ओळीने मांडून ठेवायला लागले. बॉबिन संपलं, दुसरं घातलं, पुन्हा पाय सुरू. आता आमच्याकडे येणाऱ्या मुलींना वाटतं, सकाळी आल्या आल्या बॉबिन भरून घ्यायची ही माझी शिस्त आहे. शिस्त कसली, मुलीला झोपवायची सोय होती ती.

पहिल्याच महिन्यात एका शर्टाचे दोन्ही पुढचे भाग मी डाव्या बाजूचेच कापले. कापड एका बाजूने छापलेलं, त्यामुळे उलटं करून जुळवायचीही सोय नव्हती, आणि तागा संपलेला. मी कापत होते आणि लक्ष सगळं रडण्याकडे. नुकसान खिशातून भरलं आणि त्या दिवसापासून मूल जागं असताना कातरीला हात लावला नाही. शिवणकाम करणाऱ्या आयांना मी हेच आधी सांगते, विचारलं नाही तरी सांगते. तुमच्या कामाचे तुकडे करा आणि कुठला तुकडा मध्येच सोडून उठता येतो ते बघा. तुरपाई, बटणं, धागे कापणं, घड्या हे केव्हाही खाली ठेवता येतं, ते मुलाच्या जागेपणी. मापं लिहिणं, फर्मा (ज्यावरून कापड कापतात तो मापाचा नमुना) मांडणं आणि कापणं ही कामं मूल झोपल्यावर किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती असताना. चुकलेली टीप उसवता येते. कापलेलं कापड सांधत बसावं लागतं. आणि काळ्यावर काळा, निळ्यावर निळा दोरा रात्री जुळवू नका. आम्ही एकदा पस्तीस एप्रन गडद निळ्या कापडाचे रात्री काळ्या दोऱ्याने शिवून मोकळे झालो होतो. सकाळी खिडकीत धरले तर लांबूनही टीप दिसत होती.

टाचण्या आणि सुया हा वेगळाच विषय आहे. मोठी रांगायला लागली तसं जमिनीवरचं सगळं तिच्या तोंडात जायला लागलं. टेबलाच्या पायाला दोरीने लोहचुंबक बांधला आणि काम उरकलं की जमीन त्याने फिरवून घ्यायची. तुटलेल्या सुईसाठी एक वही केली. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, वहीत चिकटपट्टीने लावायचे, तारीख आणि कपडा लिहायचा. एखादा तुकडा सापडला नाही तर तो कपडा बाहेर जात नाही. सुईचं टोक शिवणीत अडकून राहिलं आणि ते एखाद्या बाळाच्या मानेला टोचलं, या नुसत्या विचाराने मी ही वही सुरू केली. पुढे कळलं की मुलांचे कपडे शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यांतही असाच नियम असतो. तेव्हा जरा छाती फुगली, खोटं का बोला. सध्या अकरावी वही चालू आहे. ११ नंबरच्या सुया फार तुटतात. जेमतेम ०.७५ मिलिमीटर जाडीची सुई, तिच्याखाली कुणी जाड शिवण सारली तर ती बिचारी काय करणार. त्याला १६ नंबर लावा म्हणून मी घसा कोरडा करते.

आता भागीदारीचं. तिच्याकडे ओव्हरलॉक होतं, माझ्याकडे बेतायचा हात होता. ती तीन दोऱ्यांचं ओव्हरलॉक डोळे मिटून ओवायची. खालच्या लूपरचा, म्हणजे दोऱ्याचा फास घालणाऱ्या आकड्याचा, दोरा तुटला की माझ्या नाकी नऊ यायचे, तिला अर्धं मिनिट लागायचं. तिचं हे कसब मी आजही नाकारत नाही. फर्मे सगळे मी बेतायचे. दोन वर्षांच्या बाळापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत जाड पुठ्ठ्यावर काढलेले, प्रत्येकाला भोक पाडून खिळ्याला टांगलेले. कागदपत्र काही केले नाहीत. ‘आपल्यात कसला कागद’ हे मीच म्हणाले होते, म्हणून त्याबद्दल तिला दोष देता येत नाही.

आमचं भांडण झालंच तर मायेवरून, म्हणजे शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडावरून व्हायचं. मी बाजूच्या शिवणीला इंचभर माया सोडायची. मुलं वाढतात, वर्षभराने उसवून शर्ट मोठा करता आला पाहिजे. ती म्हणायची, एवढ्या कापडात शंभर शर्टांमागे चार-पाच जास्तीचे निघतील. हिशेब तिचा बरोबर होता. तरी मी ऐकलं नाही.

धाकट्याच्या वेळी सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितलं. मी झोपले. ती सुरुवातीला रोज यायची, मग एक दिवसाआड, मग फोन. बाळंत होऊन दीड महिन्याने मी कामाच्या खोलीत पाऊल टाकलं तर ओव्हरलॉक नाही. ते तिचंच होतं, नेलं तर नेलं. पण भिंतीवरचे खिळेही रिकामे होते. सगळे फर्मे गेले होते, आणि त्यांच्याबरोबर तीन मोठी गिऱ्हाइकं. विचारलं तर म्हणाली, “तुझं आता दोन मुलांचं झालंय, तुला कुठे झेपणार?” पैशापेक्षा ते वाक्य जास्त लागलं. १८६३ साली एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकी शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी फर्मे विकायला काढले. मुलाचा कपडा बेतताना मापाप्रमाणे तयार फर्मा हवा ही कल्पना त्याच्या बायकोची, असं सांगतात. धंद्याला नाव लागलं ते नवऱ्याचं. मी निदान कोण फर्मे घेऊन गेलं ते तोंडावर विचारू शकले.

त्या रागात मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. मला झेपतं हे दाखवायला एका शाळेच्या २४० शर्टांची ऑर्डर घेतली. बाळ तीन महिन्यांचं, हाताशी एकच मुलगी, मुदत तुटपुंजी. कापड आलं ते न धुता, न तपासता सरळ टेबलावर अंथरून कापलं. एरवी मी नव्या ताग्यातून ५० सेंटिमीटरचा चौकोन कापते, कडेला ओव्हरलॉक मारते, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजते. तेवढ्याला एक दिवस जातो. तो दिवस मी वाचवला.

६० शर्ट वाटले गेले आणि आठवड्याभरात परत आले. पहिल्याच धुण्यात कापड आटलं होतं. उरलेल्या तुकड्यावर मी तेव्हा तपासणी केली. उभ्या धाग्यात ५० चे साडेसत्तेचाळीस झाले, आडव्या धाग्यात साडेअठ्ठेचाळीस. म्हणजे लांबीला ५ टक्के आणि घेराला ३ टक्के. २४ इंचांचा शर्ट सव्वा इंचाने आखूड. शाळेने सगळा माल परत घ्यायला सांगितलं आणि जाता जाता हेही ऐकवलं की दुसऱ्या एका बाईंनी याच शर्टांसाठी विचारणा केली आहे. कुठल्या बाई, ते मला सांगायची गरज नव्हती.

मी त्या रात्री मशीन विकायचं ठरवलं होतं. सकाळी आमच्या नवव्या पानावरच्या बाई आल्या. आमच्या मापांच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान असतं, त्यांचं नववं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता, त्यामुळे तयार एप्रन त्यांना कधी नीट बसत नाही. दर वर्षी दोन एप्रन माझ्याकडूनच. मी झोपून असताना त्यांचेही एप्रन राहिले होते, तेव्हा निरोप आला होता, “तू आधी उठ, एप्रन कुठे पळत नाहीत.” आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलेली बाई. शर्टांचा ढीग बघून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, “अगं, आटून आटून यांचं झालं काय? कुठल्या मापाचे झाले?”

मी मोजायला बसले. ३२ चा शर्ट आटून जवळजवळ ३० चा झाला होता. छातीला जरा ढगळ, लांबीला बरोबर. ३० चा २८. सगळा लॉट एक पायरी खाली सरकला होता. मग राहिलेले १८० शर्टही आम्ही मुद्दाम धुतले, म्हणजे जे आटायचं ते आमच्याच घरी आटून जाईल. वाळवले, इस्त्री केली, गळ्याची मापाची लेबलं उसवून एक-एक पायरी खालची लावली. लेबलं काढायचं काम बाईंनी केलं, बाळाला मांडीवर ठेवूनच. अडचण फक्त सर्वांत मोठ्या मापाची, कारण त्याच्या वरून खाली सरकायला कुणी नव्हतं. असे ४६ शर्ट लागत होते. त्यातले २१ आटलेले शर्ट बाजूची माया उसवून आणि खालच्या दुमडीला आतून पट्टी जोडून मापाला आले. मायेवरून किती टोमणे खाल्ले होते. उरलेले २५, धुऊन घेतलेल्या कापडातून, मी नव्याने कापून शिवले. अकरा रात्री. माल गेला, शाळेने घेतला, पुढच्या वर्षी ऑर्डर मात्र त्या दुसऱ्या बाईंना दिली. सर्वांत लहान मापाचे २५ शर्ट अंगावर पडले, ते सुटे सुटे विकता विकता तीन वर्षं गेली.

बाईंनी त्यानंतर टेबलावर एक घड्याळ आणून ठेवलं. एका शर्टाला किती वेळ लागतो म्हणून विचारलं तर मी म्हटलं पाऊण तास. त्यांनी आठवडाभर लिहून ठेवायला लावलं. निघाला एक तास दहा मिनिटं. टीप मारायला पाऊण तासच, पण काज, बटण, धागे, इस्त्री, घडी आणि दारात उभं राहून मापाबद्दल बोलणाऱ्या आया, हा वेळ मी कधी धरलाच नव्हता. घरी बसून काम करणाऱ्या बायका स्वतःची मजुरी हिशेबात लिहीत नाहीत. कापड, दोरा, बटण लिहितात, आपले हात फुकट धरतात, आणि मग महिन्याच्या शेवटी पैसे गेले कुठे म्हणून शोधतात. मजुरी लिहा. घरखर्चाचं खातं आणि कामाचं खातं वेगळं ठेवा, पाकिटं असतील तर पाकिटं वेगळी ठेवा. कापडाचे पैसे आगाऊ घ्या, नातेवाईक असले तरी, नातेवाईक असले तर आधी. तारखेलाही माया सोडा. दहा दिवसांत होईल असं वाटलं तर चौदा दिवस सांगा, कारण त्या दहातले दोन दिवस मुलाच्या तापाचे असतात. शाळेच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर मशीनसमोर लावा. आणि ‘तू घरीच असतेस ना’ म्हणून भर दुपारी मापं द्यायला येणाऱ्यांसाठी दारावर वेळ लिहा. मी लिहिली तेव्हा दोन जणी रुसल्या. एक परत आली.

एक आणखी. पायमशीनवरून मोटरच्या मशीनवर याल तेव्हा उठताना मोटर बंद करा. उद्योगाची मशिनं मिनिटाला ४,००० ते ५,००० टाके मारतात आणि पॅडल बरोबर रांगत्या मुलाच्या उंचीवर असतं. आमच्या धाकट्याने ते एकदा दाबलं आहे. सुईखाली तेव्हा फक्त कापड होतं.

नंतरची वर्षं बरी गेली. मशिनं वाढली, मुली वाढल्या, मुलं शाळेत गेली. फर्मे मी पुन्हा बेतले, आता दोन प्रती, एक घरी आणि एक दुसरीकडे, आणि प्रत्येकावर तारीख. बेतताना माझ्याच जुन्या फर्म्यातली एक चूक सापडली. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा काखेकडचा गोल, पाऊण इंच जास्त खोल होता. हात वर केला की शर्ट सगळा वर यायचा, काखेत काचायचं. इतकी वर्षं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. नव्या फर्म्यात मी ते सुधारलं.

जुने फर्मे तिच्याकडे आहेत. रस्त्यात एखादं पोर फळ्याकडे हात करावा तसा हात वर करतं आणि शर्ट कमरेवर जातो, तेव्हा तो कुणाकडचा आहे ते मला लेबल न बघता कळतं. मागच्या महिन्यात एक आई असाच शर्ट घेऊन आली, मुलाला काखेत लागतं म्हणून. मी बाजूची शिवण उसवून बघितली. आत सोडायला काही नव्हतंच, पाव इंच असेल नसेल. मग काखेत उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात कापलेला, चौकोनी तुकडा घातला, मुलाचा हात तीनदा वर करून बघितला. मजुरी दुरुस्तीची जी असते तीच घेतली. आईने विचारलं, “तुमच्याकडचा नाही वाटतं हा?” मी म्हटलं, “फर्मा आमचाच आहे, जुना.”