तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनेजमेंटच्या पदवीत अभ्यास नेमका कशाचा करायचा?

“बिझनेस मॅनेजमेंटला प्रवेश घेतलाय, पुस्तकं वाचतोय, पण यात अभ्यास करण्यासारखं नेमकं काय आहे?” पहिल्या वर्षाची मुलं हा प्रश्न मला सारखी विचारतात. प्रश्न रास्त आहे. तत्त्वं, व्याख्या, फायदे-तोटे वाचताना सगळं पटतं, सोपं वाटतं आणि चार दिवसांनी त्यातलं काही आठवत नाही. मग पाठांतर सुरू होतं. त्यावर पास होता येतं, पण तिसऱ्या वर्षी कोणी खऱ्या कंपनीचा ताळेबंद समोर ठेवला की बोलायला काही सुचत नाही.

माझं उत्तर असं: एक निर्णय घ्या आणि तो सगळ्या विषयांतून फिरवून बघा. वहीत, आकडे मांडून. अकाउंट्स, कॉस्टिंग, मार्केटिंग, प्रॉडक्शन, एचआर हे पेपर वेगळे असले तरी धंद्यात ते एकाच वेळी एकाच टेबलावर येतात.

उदाहरण करूनच बघू. एक वस्तू ५० ला विकली जाते. प्रत्येक नगामागे बदलता खर्च ३०, आणि महिन्याचा स्थिर खर्च १,२०,०००. म्हणजे नगामागे कॉन्ट्रिब्युशन (किंमत वजा बदलता खर्च) २०, आणि ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा अशी विक्री, ६,००० नगांवर. सध्या विक्री १०,००० नग आहे, तेव्हा नफा ८०,०००. आता मार्केटिंगच्या तासाला शिकलेलं आठवून कोणीतरी म्हणतं, १० टक्के सूट देऊ, खप वाढेल. किंमत ४५ झाली. कॉन्ट्रिब्युशन मात्र २० वरून १५ वर आलं, म्हणजे २५ टक्क्यांनी घटलं. ब्रेक-इव्हन ८,००० वर गेला. आधीचाच ८०,००० नफा टिकवायला आता १३,३३४ नग विकावे लागतील. सूट १० टक्क्यांची, पण खप ३३ टक्क्यांहून जास्त वाढायला हवा. हे गणित स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी “सूट दिल्यास विक्री वाढते” एवढंच लिहून थांबत नाही.

इथेच वही मिटू नका. कारखान्याची क्षमता महिन्याला १२,००० नगांची असेल तर? पूर्ण क्षमतेने माल काढून सगळा विकला तरी नफा ६०,००० वर येतो. त्यापुढचा माल ओव्हरटाइममध्ये काढायचा, तर ३० च्या बदलत्या खर्चात मजुरीचे ८ धरा आणि ओव्हरटाइमला दीडपट दर. मजुरी १२, एकूण बदलता खर्च ३४, आणि त्या जादा नगांवर कॉन्ट्रिब्युशन फक्त ११. मग ८०,००० गाठायला एकूण १३,८१९ नग लागतात. तेवढा ओव्हरटाइम लोक किती महिने करतील, दमल्यावर सदोष माल किती वाढेल, हे प्रश्न एचआरच्या आणि क्वालिटीच्या पेपरातले. सूट देण्याच्या एका निर्णयात निम्मा अभ्यासक्रम येऊन गेला.

दुसरी जागा, जिथे बहुतेकांचा गोंधळ होतो: नफा आणि रोकड. नफा ८०,००० आहे, तरी बँकेतली शिल्लक कमी झाली, हे कसं? नफ्यात घसारा (यंत्रं वगैरे वापरून त्यांची किंमत जेवढी घटली ती रक्कम) १५,००० परत मिळवा, कारण तो खर्च दाखवला तरी पैसे बाहेर गेलेले नाहीत. ग्राहकांकडची उधारी ७०,००० ने वाढली, ती वजा. मालाचा साठा ४०,००० ने वाढला, तोही वजा. पुरवठादारांचं देणं १०,००० ने वाढलं, ते अधिक. उत्तर उणे ५,०००. कॅश फ्लोच्या पेपरात मुलं कुठे अधिक, कुठे वजा हे पाठ करतात आणि परीक्षेत नेमकं उलटं करतात. पाठ करूच नका. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: यात पैसे माझ्याकडे राहिले की अडकले? राहिले तर अधिक, अडकले तर वजा.

अकाउंट्सचा सराव रोज अर्धा तास हवाच. रविवारी एकदम चार तास बसून ते साधत नाही. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची यादी, जिच्या दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात) जुळला नाही तर सगळं खोडून पुन्हा सुरुवात करू नका. फरकाला ९ ने भाग जातो का बघा. जात असेल तर बहुधा अंक उलटे पडलेत, ५४० चे ४५० झालेत. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली तर ती चुकीच्या बाजूला बसली असण्याची शक्यता मोठी. आणि ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर असंही समजू नका. यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खात्यात टाकला तरी दोन्ही बाजू सुखाने जुळतात. नफा तेवढा फुगलेला राहतो.

थिअरीच्या विषयांना घाबरायचं कारण नाही, पण त्यांना हलकंही धरू नये. प्रत्येक सिद्धान्तासाठी अर्धं पान पुरतं: तो कोणत्या अडचणीवर मांडला गेला, म्हणणं काय, कुठे लागू पडतो, कुठे तोकडा पडतो. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांनी सांगितलेल्या माणसाच्या गरजांचा पिरॅमिड सगळ्यांना काढता येतो. १९४३ च्या मूळ लेखात मात्र पिरॅमिडचं चित्र नाही, आणि गरजांचा क्रम प्रत्येकाच्या बाबतीत पक्का नसतो, हे त्या लेखातच म्हटलेलं आहे. चौथा मुद्दा लिहायची सवय लागली की अशी माहिती आपोआप शोधली जाते. उत्तरपत्रिकेतही फरक तिथेच पडतो.

केस स्टडीत सर्वांत मोठी चूक म्हणजे केसच पुन्हा सांगत बसणं. पहिलं वाचन दहा मिनिटांचं, फक्त एवढ्यासाठी: निर्णय कोणी घ्यायचाय आणि कधीपर्यंत? मग थेट तक्त्यांकडे वळा. मजकुरात मालक म्हणतो विक्री जोरात आहे, आणि तक्त्यात माल परत येण्याचं प्रमाण दर तिमाहीला चढतंय, अशा विसंगतीतच केस लपलेली असते. दुसऱ्या वाचनात लक्षण आणि कारण वेगळं करा. ‘विक्री घटली’ हे लक्षण झालं. किमान तीन पर्याय लिहा, त्यात ‘आहे तसंच चालू ठेवणं’ हाही एक. पर्याय कोणत्या कसोट्यांवर तपासणार ते आधी ठरवा, निवड नंतर. बहुतेकजण पर्याय आधी निवडतात आणि त्याला शोभतील अशा कसोट्या मागाहून जमवतात. परीक्षकाला ते लगेच कळतं.

इकॉनॉमिक्समध्ये आकृती काढल्यावर रेषा का सरकली याचं एक वाक्य खाली लिहा. बिझनेस लॉमध्ये नियम, त्यातल्या अटी आणि दिलेल्या प्रसंगात कोणती अट पुरी होते, हा क्रम सोडू नका.

ग्रुप प्रोजेक्टबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण यात वाया जाणारे कष्ट बघवत नाहीत. पाच जण पाच भाग वाटून घेतात आणि आदल्या रात्री चिकटवतात. मग मार्केटिंगच्या भागात विक्री २०,००० नग, प्रॉडक्शनमध्ये क्षमता १२,०००, आणि फायनान्समध्ये तिसराच आकडा. उपाय साधा आहे. पहिल्याच दिवशी स्प्रेडशीटमध्ये गृहीतकांचं एक पान करा: किंमत, खप, खर्च, उधारीचे दिवस. बाकी सगळी सूत्रं त्याच पानावरून आकडे उचलतील. सूत्रात थेट ४५ टाइप करायचं नाही, कारण किंमत बदलली की तो ४५ कुठे राहून गेलाय ते सापडत नाही. शेवटचे तीन दिवस एकाच्याच हातात पूर्ण अहवाल द्या, सलग वाचायला.

सर्व्हे करणार असाल तर प्रश्नावली आधी दहा जणांवर करून बघा. “दर्जा आणि किंमत याबाबत तुम्ही समाधानी आहात का?” या प्रश्नाच्या उत्तराचं काहीच करता येत नाही, कारण ‘नाही’ कशाला म्हटलं ते कळत नाही. प्रश्न दोन करा. फॉर्म फक्त मित्रांच्या ग्रुपवर फिरवला असेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा, आणि निष्कर्षात ‘सर्व ग्राहक’ म्हणू नका. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा “हा आकडा कुठून आला?” असाच असतो, म्हणून प्रत्येक तक्त्याखाली माहितीचा उगम, तारीख आणि किती जणांनी उत्तरं दिली ते त्याच दिवशी लिहून ठेवा.