जिनिंगमधला मधला खांब

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये सरकीची पोती ठेवायचा लोखंडी माळा आहे. त्याखालून ट्रॅक्टर-ट्रॉली न्यायची, तर मधला खांब आड येत होता. शेठ म्हणाले, "भाऊ, कापून टाका न हा. बाकीचे खांब आहेतच न."

मुंबईत जहाजांचं फॅब्रिकेशन केलेलं असल्याने मी आधी माळ्यावर चढलो. छताचा खांब खालच्या खांबाच्या रेषेत नव्हताच, हातभर सरकलेला होता. त्याच्याखाली आय-बीमला पोट आलं होतं, रंगाचे पापुद्रे सुटले होते. लाइनदोरी ताणली तर मध्ये दोन बोटं बसली.

जहाजात असं चालत नाही. डेकच्या, म्हणजे जहाजाच्या मजल्याच्या, प्लेटखाली एकमेकांजवळ लावलेले लाँगिट्युडिनल (लांबीच्या दिशेचे बीम), ते खोल ट्रान्सव्हर्सवर (आडव्या बीमवर) टेकलेले, आणि ट्रान्सव्हर्सची टोकं बाजूच्या फ्रेमला, म्हणजे जहाजाच्या बरगडीला, ब्रॅकेटने (तिकोनी प्लेटने) जखडलेली. पिलर असेल तर तो खालच्या पिलरच्या रेषेत. सगळ्यात खालचा पिलर डबल बॉटमवर, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळावर उभा राहतो, तोही आतले फ्लोअर (आडव्या दिशेच्या उभ्या प्लेटा) आणि लांबीच्या दिशेचे गर्डर जिथे भेटतात तिथेच. नुसत्या प्लेटवर पिलर उभा करायचा नसतो.

शेठनी नेमका प्रश्न विचारला, "मंग जहाजात माल भरताना मधातले खांब नडत नाहीत का जी?"

नडतात! म्हणून बल्क कॅरिअरच्या, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजाच्या, होल्डमध्ये (माल भरायच्या कप्प्यात) खांब ठेवत नाहीत. तिथे डेकचा भार हॅचच्या (माल उतरवायच्या डेकमधल्या तोंडाच्या) टोकांचे बीम, बल्कहेड (कप्प्यांमधल्या उभ्या भिंती) आणि वरच्या कोपऱ्यांतल्या तिरप्या टाक्या पेलतात. इथेही खांब काढता येणार होता, फक्त लोखंड वाढणार होतं.

हंगामात पोती उतरवायला शेठ नाखूश होते, पण मी अडून बसलो. माळा जॅकवर घेतला, खोल गर्डर चढवला, त्याच्या दोन्ही टोकांखाली नवे खांब आणि ब्रॅकेट दिले. छताच्या खांबाच्या बरोबर खाली बीमला दोन्ही बाजूंनी स्टिफनर, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, ठोकले. मगच मधला खांब कापला.

सरकी खाली सोडायला माळ्यात भोक पाडायचं होतं. पोरगा गॅस कटरने काटकोनात कापायला निघाला, त्याला थांबवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी नावाच्या अमेरिकी मालवाहू जहाजांच्या डेकला हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांपासून तडे गेले होते. थंड समुद्रात पोलाद ठिसूळ झालं, आणि वेल्ड केलेल्या अखंड डेकमध्ये तडा अडायला सांधाच नव्हता. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, पण मशीनची थरथर हंगामभर असते. कोपरे गोल कापले, ग्राइंडर मारला. बोट फिरवलं तर एका कोपऱ्यात खाच लागली. ती पुन्हा घासून घेतली.