चिंध्यांची आयरिश चेन: कापड कुठलंही, माप मात्र सूतभरही हलू नये

अमेरिकेत ब्लाउज शिवून देणारा शिंपी शोधायला फिरावं लागतं, पण क्विल्टच्या, म्हणजे तिथल्या गोधडीच्या, कापडाचं दुकान बऱ्याच लहान गावांतही सापडतं. कापड वारावर मिळतं, पन्हा ४४ इंचांचा. ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी फॅट क्वार्टर, म्हणजे १८ बाय २२ इंचांचा तुकडा. शिवाय अडीच इंच रुंदीच्या पट्ट्यांची गुंडाळी असते, तिला जेली रोल म्हणतात. एवढं कापड विकत घेणाऱ्यांच्या घरी चिंध्यांचे डबेच्या डबे साठतात आणि ते रिकामे करायचे म्हटलं की पहिलं नाव येतं आयरिश चेन या नमुन्याचं.

हा नमुना एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकेत आणि आयर्लंडच्या उत्तरेकडे, अल्स्टरमध्येही शिवला जातोय. जुन्या क्विल्टांत लाल-पांढरा किंवा निळा-पांढरा असे दोनच रंग दिसतात. १९३० च्या मंदीत पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील सुती पोत्यांचं कापड गोधड्यांत शिरलं आणि चिंध्यांच्या क्विल्टांना ऊत आला. आजही शिकाऊ माणसाच्या हातात हाच नमुना देतात. दिसायला गुंतागुंतीचा, पण शिवायला सगळ्या टिपा सरळ. उरेब कुठेही नाही.

रचना अशी. एक ब्लॉक नऊ चौकोनांचा: चार कोपरे आणि मधला चिंध्यांचे, उरलेले चार पार्श्वभूमीच्या कापडाचे. दुसरा ब्लॉक म्हणजे पार्श्वभूमीचाच अख्खा चौकोन. बुद्धिबळाच्या पटासारखे हे दोन आलटूनपालटून मांडले की नऊच्या ब्लॉकांचे कोपरे एकमेकांना भिडतात आणि तिरप्या साखळ्या उमटतात. आडवे आणि उभे दोन्ही ब्लॉक विषम संख्येत घ्यायचे, म्हणजे चारही कोपऱ्यांत साखळी येते. सम घेतले तर एका बाजूला साखळी कोपऱ्यात आणि दुसऱ्या बाजूला कोरा चौकोन, आणि ते आयुष्यभर डोळ्यांत खुपतं.

सोफ्यावर अंगावर घ्यायच्या मापासाठी ९ बाय ११, म्हणजे ९९ ब्लॉक. तयार ब्लॉक ६ इंचांचा, म्हणून क्विल्ट ५४ बाय ६६ इंच. यात ५० ब्लॉक नऊचे आणि ४९ कोरे. चिंध्यांचे अडीच इंची चौकोन २५०, पार्श्वभूमीचे २००, आणि कोरे चौकोन साडेसहा इंची (प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जातो). पार्श्वभूमीचं कापड हिशेबाने ९१ इंच लागतं; आटणं आणि चुका धरून पावणेतीन वार किंवा अडीच मीटर घ्या. साडेसहाच्या एका पट्टीत ६ चौकोन बसतात, त्यामुळे आठ पट्ट्यांत ४८ होतात आणि एकासाठी नववी पट्टी कापावी लागते. बरेच जण इथेच कापडाला कमी पडतात.

आता रंग. यात कोणताही रंग कोणाहीशेजारी चालतो, पण गडद-फिकं हा फरक सुटला तर साखळी तुटते. पार्श्वभूमी पांढरी किंवा मांजरपाटाच्या रंगाची असेल तर फिकट पिवळं, बेबी पिंक, पांढऱ्यावर बारीक ठिपके असली कापडं साखळीत घालू नयेत. दोन फुटांवरून ती गोड दिसतात, पण खोलीच्या दारातून पाहिलं की तिथे दात पडल्यासारखी फट वाटते. चिंध्या जमिनीवर पसरून फोनने कृष्णधवल फोटो काढा. जे तुकडे पार्श्वभूमीत विरघळतात ते बाजूला काढा. मोठ्या छापाच्या कापडाचा घोळ वेगळा: पांढऱ्यावर मोठी लाल फुलं असतील तर अडीच इंचांत कधी अख्खं फूल येतं, कधी नुसतं पांढरं.

जाडी मात्र एकसारखी हवी. पॉपलीन, केंब्रिक आणि क्विल्टिंगचं सुती कापड एकत्र नांदतं. होजियरी ताणली जाते, आणि पॉलिएस्टर सुती कापडाच्या इस्त्रीला आकसतं. जुन्या सुती साडीचा तुकडा घालायचाच असेल तर मागून पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा. रंग जाणारं कापड ओळखायला कोपरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर इस्त्रीने दाबा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज अमेरिकेतही आहे. आजच्या तयार कापडावर त्याचा भरवसा धरू नका. लाल आणि इंडिगो आधी धुऊनच वापरा. पण धुवायचं ते कापण्याआधी. अडीच इंचांचा चौकोन मशीनमध्ये टाकलात तर दोऱ्यांचा गुंता तेवढा हाती येईल.

२५० सुटे चौकोन एकेक करून शिवायची गरज नाही. चिंध्यांच्या अडीच इंच रुंद, साडेदहा इंच लांब पट्ट्या कापा, ६३ पुरतात. पार्श्वभूमीच्याही तशाच ५१; पूर्ण पन्ह्याच्या एका पट्टीतून बरोबर चार निघतात. मग दोन प्रकारचे संच शिवायचे. पहिला चिंधी-कोरं-चिंधी (कोरं म्हणजे पार्श्वभूमीची पट्टी), असे २५. दुसरा कोरं-चिंधी-कोरं, असे १३. इस्त्री झाल्यावर प्रत्येक संचाचे अडीच इंचांवर आडवे चार तुकडे करा. पहिल्या प्रकारचे १०० आणि दुसऱ्याचे ५२ मिळतात, म्हणजे दोन जास्तीचे. सगळे तुकडे पिशवीत घालून हलवा, आणि पहिला-दुसरा-पहिला असे तीन जोडून ब्लॉक करा. एकाच संचाचे दोन तुकडे एका ब्लॉकमध्ये आले तर एक बदला. निवड यापलीकडे करत बसू नये. रंग जुळवत बसलं की क्विल्ट शोरूममधल्या चादरीसारखी दिसायला लागते.

तुकडे फारच छोटे असतील तर अमेरिकेत ‘लीडर्स अँड एंडर्स’ नावाची सवय आहे. दुसरं काही शिवत असताना दोरा न तोडता मशीनखाली एक चिंधी आणि एक कोरा चौकोन सरकवायचा. दोऱ्याची शेपटी वाया जात नाही आणि जोड्या आपोआप साठत जातात.

इस्त्रीला एकच नियम: माया (शिवणीबाहेर उरलेली कापडाची कड) नेहमी चिंधीकडे दाबायची. त्यामुळे पहिल्या प्रकारात ती बाहेर जाते, दुसऱ्यात आत, आणि ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात. बोटाने चाचपलं तर खाच लागते. तिथे टाचणी नसली तरी चालतं. ब्लॉक जोडताना माया कोऱ्या चौकोनाकडे. इस्त्री वरून टेकवून उचला, घासू नका. घासली की पट्टी धनुष्यासारखी वाकते.

आणि आता पाव इंच, म्हणजे शिवणीच्या मायेचं माप. आपल्याकडच्या कारागिरांच्या भाषेत दोन सूत. शिवणीची माया नुसत्या अर्ध्या सुताने जास्त पडली, तर एका टिपेला दोन्ही कापडांतून मिळून एक सूत खाल्लं जातं. ब्लॉकच्या रुंदीत टिपा दोन, म्हणजे साडेसहाचा ब्लॉक सव्वासहाचा होतो. नुसते नऊचे ब्लॉक एकमेकांना जोडायचे असते तर हे कळलंही नसतं, कारण सगळेच सारखे चुकलेले असतात. इथे शेजारी न शिवलेला, अचूक साडेसहाचा चौकोन असतो. मग ओढून शिवलं की चुण्या पडतात, आणि पूर्ण क्विल्टला मधोमध झोळ येतो.

म्हणून आधी चाचणी घ्या. अडीच इंचांच्या तीन पट्ट्या जोडा, इस्त्री करा, मापा. एकूण साडेसहा आणि मधली बरोबर २ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर सुई एक-दोन धाग्यांएवढी कडेकडे सरकवा, कारण कापड दुमडतानाही धागाभर जागा जाते. टाका २ मिलिमीटरचा, सुई ८०/१२, दोरा ५० वजनाचा, म्हणजे बारीक, सुती. जाड दोराही माया खातो.

याहून मोठी युक्ती म्हणजे कोरे चौकोन सगळ्यात शेवटी कापणं. पन्नास ब्लॉक शिवून झाले की त्यातले दहा मापा. सगळे साडेसहाला एक सूत कमी भरत असतील तर कोरे चौकोनही तेवढेच कापा. क्विल्ट इंचभर लहान होईल, सपाट मात्र पडेल. काही ब्लॉक लहान, काही मोठे असतील तर उसवण्याला पर्याय नाही. कडेने छाटलेत तर कोपऱ्यातले चौकोन आखूड होतात आणि साखळीचे सांधे चुकतात.

अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त, म्हणजे ६२ बाय ७४. साडेतीन वार कापडाला एक आडवा जोड देऊन भागतं. मध्ये घालायची बॅटिंग, म्हणजे भरावाचा थर, तीही याच मापाची. तिच्या पाकिटावर तिन्ही थर एकत्र धरणाऱ्या टाक्यांमधलं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं, ते वाचा. फक्त साखळ्यांवरून टाक्यांच्या तिरप्या रेघा मारल्या तर दोन रेघांत साडेआठ इंच उरतात. १० इंचांची परवानगी असलेल्या बॅटिंगला ते चालतं. ४ इंचांवालीला नाही, ती धुण्यात गोळा होते. अशा वेळी कोऱ्या चौकोनांतही टाक्यांचा भरणा हवा. जुन्या क्विल्टांत या जागेत हाताने, टाक्यांनी पिसांच्या आकाराची वर्तुळं काढलेली असतात. गोधडीचा धावदोरा हातात बसलेल्यांनी इथे तोच घालावा. ८ नंबरच्या पर्ल कॉटनने, म्हणजे पीळदार जाड सुती दोऱ्याने, मोठे टाके घालायची पद्धत अमेरिकेत ‘बिग स्टिच’ म्हणून लोकप्रिय आहे.

कडेच्या पट्टीसाठी सव्वादोन इंचांच्या सात पट्ट्या. हिशेबाने सहा पुरतील असं वाटतं, पण तिरप्या जोडांत लांबी जाते. काठात बॅटिंग पूर्ण भरलेली हवी. काउंटी फेअरमधले (जिल्ह्याच्या जत्रेतल्या स्पर्धेचे) परीक्षक पहिल्यांदा तिथेच बोट दाबून बघतात.

भारतात ३६ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर याच मापाला पार्श्वभूमी ३ मीटर लागेल. सिंगल बेडसाठी ११ बाय १५ ब्लॉक, तयार माप ६६ बाय ९० इंच: नऊचे ८३, कोरे ८२, चिंध्यांचे चौकोन ४१५, आणि ४४ इंची पन्ह्याचं पार्श्वभूमीचं कापड ४ मीटर.